पाठ टेकण्यापुरती जागा

भारतात रेल्वे आली ती दिवसाउजेडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी दुपारी सुटली आणि ३४ किलोमीटर अंतर कापून उन्हे कलायच्या आत ठाण्याला पोचलीही. रात्रीचा प्रश्न उभा राहिला तो लोहमार्ग सह्याद्री चढल्यावर. बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला, थळघाटातला १८६५ मध्ये. १८६७ मध्ये गाडी नागपूरला गेली. १८७० मध्ये जबलपूरमार्गे कलकत्ता आणि १८७१ मध्ये रायचूरमार्गे मद्रास मुंबईला जोडले गेले. बैलगाडीने किंवा पायी जाणारा वाटसरू अंधार पडला की धर्मशाळेत, देवळाच्या ओवरीत किंवा ओळखीच्या घरी मुक्काम करत असे. गाडीला असा मुक्काम नव्हता. एक, दोन, कधी तीन रात्री चालत्या डब्यातच काढायच्या होत्या, आणि त्या कशा काढायच्या हे तिकिटाच्या वर्गावर ठरत होते.

वरच्या वर्गाची रात्र सुखाची होती. पहिल्या वर्गाचा कक्ष डब्याच्या पूर्ण रुंदीचा असे. त्याचे दार थेट फलाटावर उघडे, आत रुंद गादीची आसने, वर उलगडता येणारे बर्थ आणि स्वतंत्र न्हाणीघर. डब्यातून डब्यात जाणारी वाट नव्हती. त्यामुळे जेवणाच्या डब्यात जायचे तर एका स्थानकावर उतरून जावे लागे आणि पुढच्या स्थानकावर परतावे लागे. अंथरूण-पांघरूण प्रवाशाचे स्वतःचे असे आणि ते घालायला त्याचा नोकर असे. नोकरासाठी शेजारी वेगळा कप्पा ठेवलेला असे. उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे तट्टे लावून त्यांवर पाणी शिंपडत. १ जून १९१२ रोजी सुरू झालेली पंजाब लिमिटेड, म्हणजे आजची पंजाब मेल, बोटीतून उतरलेल्या साहेबलोकांना बॅलार्ड पिअरहून थेट पेशावरला नेई. २,४९६ किलोमीटरचा हा प्रवास सुमारे ४७ तासांचा होता, आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला या गाडीत १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जागा नव्हती. १९२८ मध्ये सुरू झालेल्या फ्रंटिअर मेलला १९३४ मध्ये वातानुकूलित डबा जोडला गेला. डब्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांवरून हवा आत सोडत आणि वाटेतल्या ठरावीक स्थानकांवर बर्फ बदलत.

रेल्वेचे प्रवासी उत्पन्न मात्र मुख्यतः तिसऱ्या वर्गातून येत होते, आणि तिथली रात्र फार वेगळी होती. लाकडी बाकांच्या ओळी, वर सामानाची फळी, आणि बाके जेमतेम बसण्याच्या मापाची. ज्याला आडवे व्हायचे त्याने सामान हलवून फळीवर चढावे, बाकाखाली शिरावे किंवा दोन बाकांमधल्या जमिनीवर अंग टाकावे. १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या ६४ व्या कलमाने प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा स्त्रियांसाठी राखून ठेवणे बंधनकारक केले, आणि गाडी ५० मैलांहून अधिक जाणार असेल तर त्या एका कप्प्याला शौचकूप असावा अशी अटही घातली. उरलेल्या डब्यांबद्दल या कलमात शब्द नाही. तिसऱ्या वर्गाच्या पुरुष प्रवाशाने स्थानक येईपर्यंत कळ काढावी, गाडी थांबली की धावत जाऊन यावे आणि शिट्टीकडे कान ठेवावा, अशी ही व्यवस्था. कायदा करणाऱ्यांना अडचण ठाऊक होती, हे त्याच कलमावरून दिसते. म्हणूनच ती तशीच राहू देणे अधिक खुपते.

या वर्गातल्या रात्रीची सर्वांत तपशीलवार नोंद महात्मा गांधींनी केली. सप्टेंबर १९१७ मध्ये ते मुंबईहून मद्रासला मेल गाडीने तिसऱ्या वर्गातून गेले. भाडे होते तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर २२ प्रवाशांची मर्यादा लिहिलेली होती आणि ती २२ जागा फक्त बसण्याच्या होत्या. वाटेत दोन रात्री असूनही निर्धास्तपणे पडता येईल अशी एकही जागा नव्हती. पुण्यापर्यंत धीट प्रवाशांनी दार अडवून धरल्यामुळे गर्दी आवाक्यात राहिली. रायचूरनंतर डब्यात पस्तीसपर्यंत माणसे झाली. संपूर्ण प्रवासात डबा एकदाही झाडला गेला नाही. त्याच महिन्यात त्यांनी हे सारे लिहून काढले, आणि तिसऱ्या वर्गाबद्दलचे त्यांचे लेखन लगेच पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. तिचे मोल तिच्यातल्या मोजमापात आहे: किती माणसे, किती भाडे, किती घाण, पहिल्या वर्गाच्या मानाने मिळणारी सोय किती कमी. १९२०-२१ मध्ये नेमलेल्या अ‍ॅकवर्थ समितीसमोरही तिसऱ्या वर्गातल्या दाटीच्या तक्रारी आल्या. समितीच्या शिफारशींतून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा झाला; झोपण्याची जागा मात्र कोणाला मिळाली नाही.

डब्यात काही मिळणार नाही हे धरूनच लोक घरातून निघत. मराठी घरांत लांबच्या प्रवासाची तयारी म्हणजे सतरंजीत गुंडाळून सुतळीने आवळलेली वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि फिरकीचा तांब्या. पैशाने थोडे बरे असलेले कॅनव्हासचा होल्डॉल घेत; त्यात गादी, उशी, चादर आणि कपड्यांचे दोन जोड मावत. शिदोरीत टिकणारे पदार्थ असत: दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. शिदोरीमागे काटकसर होती तसे सोवळेही होते. स्थानकावरचे पाणीसुद्धा जातधर्माप्रमाणे वाटलेले होते. ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे माठ आणि वेगळे पाणके स्वातंत्र्यापर्यंत फलाटांवर होते. कोळशाच्या इंजिनाची काजळी रात्रभर खिडकीतून येई. डोळ्यात कण जाणे हा प्रवासाचाच भाग होता, आणि सकाळी उतरणाऱ्या प्रत्येकाचा सदरा काळवंडलेला असे.

स्वातंत्र्यानंतर वर्गांची नावे आधी बदलली. १९५५ मध्ये जुना पहिला वर्ग बंद झाला, दुसऱ्याला पहिला म्हणू लागले आणि दुसऱ्या-तिसऱ्यामधल्या इंटर वर्गाला दुसरा. तिसरा होता तिथेच राहिला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मद्रासजवळ पेरांबूर इथे इंटिग्रल कोच फॅक्टरीचे उद्घाटन झाले. स्विस सहकार्याने तिथे पूर्ण पोलादी डबे तयार होऊ लागले, आणि पुढची साठ वर्षे भारतीयांनी रात्री काढल्या त्या बहुतेक याच घडणीच्या डब्यांत. तिसऱ्या वर्गात झोपण्याची सोयही याच काळात येऊ लागली, पण अर्धीमुर्धी. ‘टू-टियर’ म्हटल्या जाणाऱ्या डब्यात वरच्या फळ्या झोपणाऱ्यांना मिळत आणि खालची बाके बसणाऱ्यांना. वरचा घोरत असे, खालचा पहाटेपर्यंत खिडकीच्या गजाला डोके टेकून बसे. पुढे तीन फळ्यांचा डबा आला आणि एका डब्यातले सगळेच प्रवासी आडवे होऊ शकतील अशी व्यवस्था प्रथमच झाली. फळ्या लाकडीच होत्या. वळकटी उलगडली नाही तर पहाटेपर्यंत बरगड्या बोलू लागत.

१९७४ मध्ये तिसरा वर्ग हे नाव गेले, पण दुसरा वर्ग म्हणून मिळाली तीच लाकडी फळी. ती बदलण्याचे श्रेय मधू दंडवते यांचे. अहमदनगरला जन्मलेले, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे आणि कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले हे समाजवादी नेते १९७७ मध्ये जनता सरकारात रेल्वेमंत्री झाले. त्यांची भूमिका साधी होती: वरच्या वर्गाच्या सोयी काढून समता आणायची नाही, खालचा वर्ग वर आणायचा. त्यासाठी त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयान डब्यांतल्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवायचा निर्णय घेतला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर सुरू झालेली गीतांजली एक्सप्रेस ही या नव्या गादीची पहिली गाडी, आणि तिच्यात वर्गभेदच नव्हता. सगळी गाडी दुसऱ्या वर्गाची. रेल्वेच्या इतिहासात इंजिनांचे वेग आणि पुलांच्या लांब्या ठळकपणे लिहिल्या जातात. पण एका निर्णयाने जितक्या माणसांच्या पाठीला आराम दिला, त्याची तुलना दुसऱ्या फारशा निर्णयांशी होणार नाही. दोन इंच फोमला सरकारी खर्चात मोठा आकडा लागत नाही. तो द्यावासा वाटायला सव्वाशे वर्षे लागली होती.

या शयनयान डब्याची रचना आज कोट्यवधी लोकांना पाठ आहे. जुन्या घडणीच्या डब्यात ७२ बर्थ: नऊ खण, प्रत्येकात आठ. सहा आडवे, समोरासमोर तीन-तीन, आणि वाटेच्या पलीकडे खिडकीलगत दोन. एक आणि चार हे आकडे खालचे, दोन आणि पाच मधले, तीन आणि सहा वरचे, सात-आठ बाजूचे. आठाच्या पाढ्याने कोणताही क्रमांक काढता येतो. मधला बर्थ दिवसा खालच्या बाकाची पाठ असतो आणि रात्री साखळ्यांवर टांगला जातो. तो लागला की खाली कोणालाही ताठ बसता येत नाही, म्हणून एका माणसाची झोप सहा जणांच्या संमतीवर अवलंबून असते. रेल्वेने वेळ ठरवून दिली आहे: पूर्वी रात्री नऊ ते सकाळी सहा, २०१७ पासून रात्री दहा ते सहा. तरी व्यवहारात घड्याळापेक्षा बोलणे चालते. ‘जेवणं आटोपली का तुमची? मग लावू या का?’ एवढ्या वाक्यावर खणातली रात्र सुरू होते. म्हाताऱ्या माणसाला किंवा लहान मूल घेतलेल्या बाईला खालचा बर्थ द्यावा, तरुणाने वर चढावे, हेही बहुधा कोणी सांगावे लागत नाही. बाजूचा बर्थ उंच माणसाला तोकडा पडतो आणि वाटेने जाणाऱ्याचा धक्का लागतो, त्यामुळे तो नाइलाजाचा. आरएसी तिकिटावर बाजूच्या खालच्या बर्थवर दोन अनोळखी माणसे समोरासमोर बसून रात्र काढतात. टीसी एखाद्याला दुसरीकडे जागा देईपर्यंत दोघांचे पाय एकमेकांत अडकलेले.

जागा आधी राखून ठेवण्याची रीतही या डब्याबरोबर वाढली. जाड पुठ्ठ्याचे छोटे तिकीट, कारकुनाची वही, परतीच्या आरक्षणासाठी दुसऱ्या स्थानकाला केलेली तार, आणि मे महिन्याच्या सुटीआधी खिडकीसमोर पहाटेपासूनच्या रांगा. १९८५ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि ते हळूहळू इतर शहरांत पोचले. २००२ पासून तिकीट इंटरनेटवर मिळू लागले. डब्याच्या दाराशी चिकटवलेल्या यादीत बोट फिरवत आपले नाव शोधण्याची धांदल २०१८ नंतर संपत आली. ज्यांच्याकडे आरक्षण नाही त्यांची रीत मात्र जुनीच: गाडी यार्डातून फलाटाला लागताना खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची.

महाराष्ट्रात रात्रीच्या गाडीने एक वेगळेच काम केले. मुंबईत मंत्रालय, उच्च न्यायालय, मोठी इस्पितळे. आणि तिथे काम असलेला माणूस कोल्हापूरचा, सोलापूरचा किंवा गोंदियाचा. महालक्ष्मी, सिद्धेश्वर, विदर्भ या एक्सप्रेस रात्रभर चालून सकाळी पोचतात. सकाळी उतरायचे, दिवसात काम उरकायचे आणि रात्री परतीची गाडी धरायची. मुंबईत लॉजवर राहण्याचा खर्च ज्यांना परवडत नाही त्यांना ही सोय मोलाची ठरली. कोकणाला ती फार उशिरा मिळाली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला, तोवर सावंतवाडी-राजापूरच्या चाकरमान्याची रात्र एसटीच्या बाकावर घाटातली वळणे खात जाई. कोकण रेल्वेसाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्यांत दंडवतेच अग्रभागी होते. कोकणकन्या एक्सप्रेसने मुंबई ते मडगाव ही रात्र आडवे होऊन काढता येऊ लागली, आणि गणपतीच्या दिवसांत तिचे आरक्षण मिळवणे हा घराघरांतला विषय झाला.

१९९३ मध्ये वातानुकूलित तीन टियरचा डबा आला आणि मध्यमवर्ग हळूहळू तिकडे सरकला. बंद काचा, धूळ नाही, फेरीवाले कमी, आणि रेल्वेकडूनच दोन चादरी, उशी, घोंगडी. वळकटीची गरज या डब्याने संपवली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे गाड्या थांबल्या. त्या पुन्हा सुरू झाल्यावरही अंथरूण-पांघरूण दोन वर्षे मिळत नव्हते, ते मार्च २०२२ मध्ये परत आले. जर्मन घडणीच्या एलएचबी डब्यांनी पेरांबूरच्या जुन्या डब्यांची जागा घेतली. हे डबे लांब असल्याने शयनयानात ७२ ऐवजी ८० बर्थ बसतात. अधिक माणसे बसवण्याचा मोह मात्र प्रत्येक वेळी सोसत नाही. बाजूला दोनाऐवजी तीन बर्थ लावण्याचा प्रयोग शयनयान डब्यांत २००७ च्या सुमारास झाला. मधल्या बर्थवरच्या माणसाला कूस बदलणेही अवघड झाले, तक्रारी वाढल्या आणि तो बर्थ काढून टाकावा लागला. तरीही २०२१ मध्ये आलेल्या वातानुकूलित इकॉनॉमी डब्यात ८३ बर्थ होते.

वातानुकूलित डबे वाढले तसे अनेक गाड्यांतले साधे शयनयान डबे कमी झाले, आणि स्वस्तात झोपून जाणाऱ्याची जागा आकसली. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या अमृत भारत एक्सप्रेसमध्ये वातानुकूलित डबा नाही. १२ शयनयान आणि ८ सर्वसाधारण डबे अशी तिची सुरुवातीची मांडणी होती. सर्वसाधारण डब्यात आजही आसनेच असतात. तिथे रात्र काढणारा प्रवासी सामानाच्या फळीवर, दोन बाकांमध्ये किंवा दाराजवळच्या जागेत वर्तमानपत्र अंथरून झोपतो.