कुक : दलदलीतल्या चरांचा इतिहास

आजचा आपला विषय म्हणजे एक लहानसं गाव, कुक. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला न्यू गिनी नावाचं प्रचंड बेट आहे. ग्रीनलंड सोडलं तर जगात त्याहून मोठं बेट नाही. त्याचा पश्चिमेकडचा भाग इंडोनेशियात आहे. पूर्वेकडचा भाग म्हणजे पापुआ न्यू गिनी, १९७५ मध्ये स्वतंत्र झालेला देश. या देशाच्या पोटात उंच डोंगररांगा आहेत. त्या रांगांच्या मधोमध वाह्गी नदीचं खोरं आहे, आणि त्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर, माउंट हागेन शहराजवळ हे कुक आहे.

गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गावठाण येतं : वेस, पार, देऊळ, खेटून उभी असलेली घरं. इथं तसं काही नाही. कवेल्का नावाच्या कुळाची माणसं आपापल्या मळ्यांमध्ये विखरून राहतात. भाषा मेल्पा. शेतात रताळी, अळू, केळी, ऊस, घराशी डुकरं. बाजूला दलदलीची जमीन आणि पाणी काढून देणारे चर. डोळ्यांत भरावं असं एकही बांधकाम नाही. तरीसुद्धा २००८ मध्ये युनेस्कोनं इथली ११६ हेक्टर जमीन जागतिक वारशाच्या यादीत घातली. या देशातलं ते पहिलंच वारसास्थळ. का घातली, ते समजून घेऊ.

आधी ‘दुर्गम’ या शब्दाकडे पाहू. न्यू गिनीचा किनारा युरोपीय खलाशांना सोळाव्या शतकापासून ठाऊक होता. आतले डोंगर मात्र निर्मनुष्य असावेत अशीच त्यांची समजूत होती. १९३० पासून सोन्याच्या शोधात निघालेले ऑस्ट्रेलियन लोक आत शिरू लागले. १९३३ मध्ये मायकेल आणि डॅन लेही हे भाऊ आणि सरकारी अधिकारी जेम्स टेलर वाह्गीच्या खोऱ्यात पोचले. त्यांनी आधी विमानातून पाहणी केली होती, आणि खाली काय दिसलं? चौकोनी आखलेली शेतं, मैलोन् मैल. या डोंगराळ प्रदेशात लाखो माणसं राहत होती.

या माणसांनीही पाहुण्यांचा अभ्यास केला, बरं का. हे गोरे म्हणजे परत आलेले पूर्वज असतील का, असा त्यांना प्रश्न पडला. काहींनी लपून पाळत ठेवली आणि पाहुणे शौचाला जाऊन आल्यावर ती जागा तपासली. निष्कर्ष निघाला की ही आपल्यासारखीच माणसं आहेत. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं; अनुमानाचं इतकं स्वच्छ उदाहरण वर्गात क्वचितच देता आलं असतं.

आणि ही माणसं जगापासून तुटलेली होती का? तिथं प्रतिष्ठेची वस्तू होती कीना नावाचा समुद्रातला मोठा शिंपला. समुद्र तर डोंगरांपलीकडे, कित्येक दिवसांच्या वाटेवर. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता त्यांच्याकडे हे शिंपले हातोहात, एका कुळाकडून दुसऱ्या कुळाकडे, देवघेवीतून येत. लेही बंधूंनी ते विमानानं आणून मजुरीपोटी वाटायला सुरुवात केली, आणि हळूहळू त्यांचं मोल उतरलं. आज त्या देशाच्या चलनाचं नाव कीना आहे. रस्ता नव्हता तो बाहेरून येणाऱ्यांना.

आता जमिनीखाली जाऊ. १९६९ मध्ये सरकारनं कुकच्या दलदलीत चहा संशोधन केंद्र काढलं. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून सरळ, खोल चर खणले. त्या चरांच्या भिंतींत जुन्या, बुजलेल्या चरांचे काप दिसू लागले. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले पुरातत्त्वज्ञ जॅक गोल्सन यांनी १९७० च्या दशकात इथं उत्खनन केलं. पुढे टिम डेनहॅम आणि सहकाऱ्यांनी ते काम नेटानं पुढे नेलं. चित्र असं उभं राहिलं : सुमारे १०,००० वर्षांपूर्वी इथं वनस्पतींचा वापर चालू होता; त्या काळातल्या दगडी हत्यारांवर अळूच्या पिठाचे कण मिळाले. सुमारे ७,००० ते ६,४०० वर्षांपूर्वी ओल्या जमिनीत मातीचे उंचवटे करून लागवड होत होती. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी लाकडी अवजारांनी चर खणून दलदलीचा निचरा केला जात होता.

केळीचा पुरावा कसा मिळाला? केळीची पानं तर कुजून जातात. पण वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात, ते मातीत टिकतात, आणि त्यांच्या आकारावरून झाड ओळखता येतं. ज्या काळात इथलं जंगल जाऊन गवत माजलं होतं, त्याच थरात केळीचे कण भरपूर सापडले. उघड्या गवताळ जागी एवढी केळी आपोआप येत नाही. ती कुणीतरी लावावी लागते.

म्हणजे पश्चिम आशिया, चीन, मेक्सिको यांच्याप्रमाणे इथंही माणसानं शेती स्वतंत्रपणे शोधली. तिचा धागा आपल्या घरापर्यंतही येतो. आपण ज्याचं फदफदं करतो तो अळू याच जातीचा. आपल्या केळीच्या वंशावळीतली एक शाखा न्यू गिनीच्या रानकेळीकडे जाते. आणि ऊस! कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यानं आज लावलेल्या बेण्यात ज्या जाड, गोड उसाचं रक्त आहे, तो मुळात या बेटावरच माणसाळवला गेला.

इथं आपल्या मनातल्या एका शिडीचा प्रश्न येतो. हेगेलचं म्हणणं होतं की राज्याशिवाय खरा इतिहास नाही. गॉर्डन चाइल्डनं नवाश्मयुगीन क्रांतीचा आराखडा मांडला : शेती, मग साठा, मग नगर, लेखन, राज्य. आपली पाठ्यपुस्तकं बहुधा याच वाटेनं चालतात. कुकला पहिली पायरी आहे, पण पुढच्या पायऱ्या नाहीत. आमच्या मते एक कारण पिकातच आहे. धान्य कोठारात भरता येतं, मोजता येतं, त्यावर कर लावता येतो. अळू आणि रताळं जमिनीतच ठेवून लागेल तसं काढायचं; केळीचे मुनवे, उसाची टिपरी पुन्हा लावायची. कोठार नाही, तर कोठाराचा राजाही नाही. तिथं मोठेपणा मिळतो देण्यातून. मोका नावाच्या विधीत घेतलं त्याहून जास्त परत करायचं, डुकरं आणि शिंपले. याच कवेल्का कुळातला ओंका हा पुढारी एका माहितीपटामुळे जगाला माहीत झाला.

इतिहास नव्हता असंही नाही. सतराव्या शतकात लाँग आयलंडच्या ज्वालामुखीची राख इथवर येऊन पडली. तिचा थर आज काळ मोजायला उपयोगी पडतो. दक्षिण अमेरिकेतून निघालेलं रताळं गेल्या तीन-चारशे वर्षांत इथं पोचलं आणि उंचावर पीक, डुकरं, लोकसंख्या सगळं वाढलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कवेल्का लढाईत हरून कुक सोडून गेले आणि काही दशकांनी परतले. मग सरकारनं त्यांची जमीन केंद्रासाठी घेतली. १९९० च्या आसपास केंद्र बंद पडलं, आणि कवेल्कांनी त्याच जमिनीवर पुन्हा रताळी लावली.

आता खरी गुंतागुंत. वारसा जमिनीखाली आहे, आणि वर मळे आहेत. कुणी यंत्रानं खोल नांगरट केली तर खालचे थर बिघडणार. म्हणून काय पिकवावं आणि किती खोल खणावं, यावर मालकांनी मर्यादा पाळायची. त्यांना त्यातून काय मिळणार? मान जगाचा, आणि पोट त्यांचं. शाळेची फी, दवाखाना हे त्या मळ्यावरच चालतं. आम्हाला वाटतं, कुकचं रक्षण करायचं तर कवेल्कांची शेती हाच तो वारसा मानावा लागेल. ७,००० वर्षांपूर्वी माणसं तिथं खणत होती आणि आजही खणताहेत. ते थांबवून जे उरेल ते नुसतं मातीचे थर.

आज इथंच थांबू. प्रश्न जरूर पाठवा.