आरे-वारे, मालगुंड आणि थट्टेखोर शिष्यांची परंपरा

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने निघालात की शिरगाव, काळबादेवी करत तुम्ही आरे-वारेला पोचता. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, आणि प्रत्येक वळणावर गाडी थांबवून फोटो काढणारी मंडळी. पुढे नेवरे, मग गणपतीपुळे. बहुतेकांची ट्रिप इथेच संपते. देवदर्शन, मोदक, एमटीडीसी आणि परत. पण अजून थोडं पुढे गेलं की मालगुंड लागतं. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, १८६६ साली या गावात जन्मले. त्यांच्या घरी आता स्मारक आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने ते उभारलं आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

आता तुम्ही म्हणाल, लेख विनोदी साहित्यावर आहे ना? मग यात केशवसुत कुठून आले? केशवसुत तर गंभीर माणूस. शाळामास्तर, कायम ओढाताण, हयातीत एकही कवितासंग्रह निघाला नाही, आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने मृत्यू. विनोदाचा काय संबंध?

संबंध आहे. मराठीतली विनोदाची एक मोठी शाखा केशवसुतांच्याच चाहत्यांनी वाढवली. कशी ते बघू.

सुरुवात मात्र विदर्भातून. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१-१९३४) पेशाने वकील. त्यांनी १९०२ पासून विनोदी लेख लिहायला घेतले आणि पुढे ते 'सुदाम्याचे पोहे' या नावाने प्रसिद्ध झाले. त्याआधी मराठीत विनोद नव्हता असं अजिबात नाही. एकनाथांची भारुडं आहेत, रामदासांची मूर्खलक्षणं आहेत. आणि याच रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्याला नमन-खेळे होतात. त्यात काळ्या झग्यातला संकासुर येतो, आणि गौळणीतली मावशी (अर्थात मिशा काढलेला कुणीतरी काका!) गावातल्या भल्याभल्यांना चिमटे काढते. पण निबंध लिहून, ठरवून, महिनोन्‌महिने समाजाची थट्टा करायची, हे कोल्हटकरांनी सुरू केलं.

त्यांची युक्ती साधी होती. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्यांची तीन पात्रं. हे तिघे बाहेर उभं राहून लोकांना हसत नाहीत. रूढी, मुहूर्त, शकुन या सगळ्याच्या ते स्वतःच मधोमध असतात आणि मोठ्या गांभीर्याने वेडेपणा करतात. वाचणारा आधी त्यांना हसतो आणि मग हळूच त्याला आपल्या घरातले काका-मामा आठवायला लागतात. त्या काळात सुधारणेवर भाषण दिलं की लोक अंगावर धावून यायचे. हसणाऱ्याला मात्र भांडायला जरा वेळ लागतो. कोल्हटकरांनी तेवढ्या वेळाचा फायदा घेतला. १९२७ साली ते पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले.

त्यांचे पट्टशिष्य राम गणेश गडकरी. ३३ वर्षांचं आयुष्य (१८८५-१९१९), आणि त्यात एक माणूस तीन नावांनी वावरला. नाटककार गडकरी, कवी गोविंदाग्रज, विनोदी लेखक बाळकराम. विनोदात गुरू कोल्हटकर, आणि कवितेत ते स्वतःला केशवसुतांचा चेला म्हणवत. आता गंमत बघा. गोविंदाग्रज कविता लिहिणार आणि बाळकराम 'कवींचा कारखाना' लिहून कवींची टर उडवणार! म्हणजे एकाच माणसाने दिवसा कोड लिहायचा आणि रात्री स्वतःच टेस्टर बनून त्यातले बग काढायचे. केशवसुतांनंतर 'नवी कविता' लिहिणाऱ्यांचं पीक आलं होतं. त्यातला साच्यातून काढलेला माल कुठला, हे गोविंदाग्रजांइतकं कोणाला कळणार? ते स्वतःच त्या कारखान्यात कामाला होते.

पुढची कडी प्रल्हाद केशव अत्रे. हे गडकऱ्यांचे भक्त, आणि कवितेसाठी नाव घेतलं 'केशवकुमार'. १९२५ साली 'झेंडूची फुलें' आलं. तेव्हा पुण्यात रविकिरण मंडळाचा बोलबाला होता. अत्र्यांनी त्या काळच्या कवितेतल्या लकबी, फारसी शब्द, प्रेमाचे उसासे सगळं उचललं आणि त्यात परीट, चोर, गुलकंद असली माणसं नि वस्तू भरल्या. 'प्रेमाचा गुलकंद'मधला प्रियकर रोज गुलाब देत राहतो आणि शेवटी कळतं की तिने त्या सगळ्या फुलांचा गुलकंद घालून ठेवलाय. विडंबनाला मूळ कविता पाठ असावी लागते, वृत्त पक्कं असावं लागतं. नुसत्या रागाने ते जमत नाही. पुढे हीच शैली अत्र्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत 'मराठा'तून (१९५६ पासून) थेट सरकारवर चालवली.

गडकरी गेले १९१९च्या जानेवारीत आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पु. ल. देशपांडे जन्मले. पुलं तर रत्नागिरीचे जावईच. सुनीताबाई इथल्या ठाकूरांच्या. १९४६ साली लग्नही इथेच, नोंदणी पद्धतीने झालं. 'व्यक्ती आणि वल्ली'मधला अंतू बर्वा याच रत्नागिरीच्या मधल्या आळीतला. त्याचे तिरकस शेरे आपण सगळे पाठ म्हणतो, ऑफिसच्या कँटीनमध्ये डायलॉगसारखे मारतो. पण नीट वाचलं तर ते गरिबी आणि एकटेपणा झाकण्यासाठी पांघरलेलं कांबळं आहे. पुलं अंतूला हसत नाहीत, अंतूबरोबर हसतात.

इथवर सगळं छान. पण या परंपरेचं नुसतं कौतुक करून थांबणं बरोबर नाही.

बाळकरामची 'ठकीच्या लग्नाची मोहीम' पुन्हा वाचा. टोमणा आहे हुंड्याच्या बाजारावर आणि वरसंशोधनाच्या सर्कशीवर. तो झोंबतोही. पण त्यातले कितीतरी विनोद ठकीच्या रूपावर आहेत. बाजाराला हसताहसता लेखक त्याच बाजाराच्या तराजूत तिला तोलतो. भाषा अफाट आहे, हसू आवरत नाही, आणि तरी ठकीच्या जागी बसून वाचलं की हसू अडकतं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं. भोळ्या शेतकऱ्याला जोशीबुवा कसे लुबाडतात ते त्यात आहे, आणि मध्येमध्ये विदूषक येऊन खरं ते बोलून जातो. कोल्हटकरांच्या लेखनाच्या आधी जवळजवळ अर्धशतक! दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं, आणि ते छापून आलं थेट १९७९ साली. म्हणजे आपल्याच काका-मामांची घरातल्या घरात केलेली थट्टा संमेलनाध्यक्षपदापर्यंत पोचली, आणि ज्याला लुबाडलं त्याच्या बाजूने केलेला विनोद सव्वाशे वर्षं वाट बघत बसला. विनोदाचा इतिहास वाचताना हेही विचारायला हवं की कोणाचा विनोद छापला गेला.

मग यातून आपण घ्यायचं काय? आज व्हॉट्सॲपवर रोज शंभर विनोद येतात आणि रोज कोणाच्या ना कोणाच्या भावना दुखावतात. मला वाटतं, या जुन्या मंडळींकडे पाहून दोन साधे प्रश्न विचारता येतील. हसणारा स्वतः त्या हशात आहे का? आणि हसू कोणावर पडतंय, बाजारावर की ठकीवर? बाळकराम पहिल्या प्रश्नाला पास होतो, दुसऱ्याला अर्धा नापास. अंतू बर्वा दोन्हीला पास. आपले बरेचसे फॉरवर्ड पहिल्यालाच गारद.

असो. पुढच्या वेळी आरे-वारेला फोटो काढून झाले की पुळ्याहून परत फिरू नका. मालगुंडला जा, केशवसुतांचं घर बघा. जाताना गाडीत 'झेंडूची फुलें' असू द्या. एरवी हे विचित्र वाटेल, पण ज्यांनी कवितेची इतकी थट्टा केली त्यांनीच ती इतकी पाठ केली होती.