मोठ्या आंतड्यावरील आरोप

रविवार उजाडला कीं आमच्या घरीं एरंडेलाची वाटी पुढें येत असे. आजी तें तेल कोऱ्या चहांत मिसळून देई, आणि नाक चिमटींत धरून तें घशाखालीं उतरविल्यावांचून कोणाही मुलाची सुटका नसे. कोणाचें पोट बिघडलें आहे किंवा नाहीं, याची विचारपूस होत नसे. आठवडाभर पोटांत मळ सांचतो, तो कुजतो, त्याचें विष रक्तांत भिनतें आणि त्यांतून डोकेदुखीपासून पुळ्यांपर्यंत सगळीं दुखणीं उद्भवतात, असा तिचा पक्का सिद्धान्त होता. श्रोत्यांपैकीं पुष्कळांना आपापल्या घरांतील अशी वाटी आठवत असेल.

मोठेपणीं मला वाटे कीं हें आपलें एक घरगुती मत आहे, शास्त्राशीं त्याचा संबंध नसावा. परंतु वैद्यकाचा इतिहास वाचूं लागल्यावर निराळेंच दिसून आलें. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं पॅरिस व लंडन येथील अत्यंत नामांकित पंडित हेंच मत मांडीत होते. नव्हे, ते आजीच्याही पुष्कळ पुढें गेले होते. आजीनें आम्हांला तेल पाजलें. तिकडे माणसांचीं आंतडीं कापून काढण्यांत आलीं. ती हकीकत आज आपल्यापुढें ठेवावयाची आहे.

मळ म्हणजे विष, ही कल्पना फार जुनी. इ. स. पूर्वीं पांचव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें लिहून ठेविलें आहे कीं, इजिप्तचे लोक दर महिन्यास ओळीनें तीन दिवस वांतीचीं औषधें व बस्ति घेऊन पोट रिकामें करीत. सर्व रोग अन्नापासून होतात अशी त्यांची समजूत होती. आपल्या आयुर्वेदांतहि विरेचन आहे. मात्र विरेचन कोणास द्यावें याच्या जोडीला तें कोणास देऊं नये याचीहि यादी चरकसंहितेंत दिलेली आहे, ही गोष्ट आपण सोयीस्करपणें विसरतों.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या जुन्या भीतीला नवें शास्त्र येऊन मिळालें. पाश्चर व कॉख यांच्या संशोधनानें सूक्ष्म जंतूंचें जग उघड झालें होतें. मांस कुजतें तें जंतूंमुळें, आणि कुजतांना त्यांत विषारी द्रव्यें तयार होऊं शकतात, हें कळलें होतें. मोठें आंतडें जंतूंनीं भरलेलें आहे, हेंहि दिसलें. पॅरिसचे प्राध्यापक शार्ल बूशार यांनीं १८८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत प्रतिपादन केलें कीं, आपल्याच शरीरांत उत्पन्न होणाऱ्या विषांची बाधा होण्याचा धोका मनुष्याला सदैव असतो. हिलाच आपण ‘स्वयंविषबाधा’ म्हणूं. तर्काची सांखळी वरवर पाहतां मजबूत होती. आंतड्यांत जंतु आहेत, जंतु विष करतात, म्हणून आंतडें शरीरभर विष पसरवितें! परंतु तें विष रक्तांत जातें काय, आणि गेल्यास तेथें त्याचें काय होतें, हा मधला दुवा कोणी नीट तपासला नव्हता.

या मताला एक फार मोठा पुरस्कर्ता लाभला, तो म्हणजे एली मेच्निकॉफ. रक्तांतील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हें दाखविणारे शास्त्रज्ञ ते हेच. १९०८ सालचें नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह मिळालें. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम करीत असतां म्हातारपण कां येतें, या प्रश्नानें त्यांना पछाडलें. मोठें आंतडें हें पूर्वजांकडून आलेलें निरुपयोगी ओझें असून त्यांत चालणारी कुजण्याची क्रिया हेंच अकाली वार्धक्याचें एक मुख्य कारण होय, असें त्यांनीं ठरविलें. बल्गेरियांतील खेडुत आंबविलेलें दूध घेतात व दीर्घायुषी होतात, असें सांगितलें जाई. तेव्हां त्या दुधांतील जंतु पोटांत वसविले म्हणजे कुजविणारे जंतु हटतील, असा उपाय त्यांनीं सुचविला व स्वतःहि तें दूध वर्षानुवर्षें घेतलें. युरोपांत दह्याची लाट उसळली. १९१६ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, मेच्निकॉफ वारले. पुढें १९२० च्या सुमारास अमेरिकेंतील येल विद्यापीठांत रेटगर व चेपलिन यांनीं दाखविलें कीं, तो बल्गेरियन जंतु माणसाच्या आंतड्यांत ठाण मांडून राहतच नाहीं. दही चांगलें खरें. पण तें ज्या कारणासाठीं खाल्लें जात होतें तें कारण टिकलें नाहीं.

दह्यानें फारसें कोणाचें बिघडलें नसेल. शस्त्राची गोष्ट वेगळी.

लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील सर विल्यम आर्बथनॉट लेन हे त्या काळचे अत्यंत कुशल शस्त्रवैद्य होते. मोडलेलें हाड पोलादी पट्टीनें जोडण्याची, आणि जखमेला बोटाचा स्पर्शहि न होऊं देतां केवळ लांब हत्यारांनीं काम करण्याची त्यांची पद्धत नांवाजलेली होती. अशा या पुरुषाला वाटूं लागलें कीं मोठें आंतडें म्हणजे घरांतील तुंबलेली मोरी होय. तें ठिकठिकाणीं मुरडतें, मळ अडतो आणि सर्व शरीर विषारी होतें. थकवा, खिन्नता, डोकेदुखी, सांधेदुखी, कातडीचा काळवंडलेपणा, हीं सारीं त्याचींच लक्षणें त्यांनीं मानिलीं. प्रथम ते लहान आंतडें परस्पर खालच्या टोंकाला जोडून मोठ्या आंतड्याला वगळीत; पुढें तें कापूनच काढूं लागले. रोग्यांत स्त्रियांचा भरणा अधिक होता. पेनिसिलिनचा शोध लागावयाचा होता, रक्त देण्याची सोय जेमतेम होती. कांहीं रोगी त्या शस्त्रक्रियेनें दगावले. वांचलेल्यांपैकीं कांहींना जुलाब आणि आंतडीं परस्परांस चिकटून होणाऱ्या वेदना भोगाव्या लागल्या. ज्याचा गुन्हा शाबीत झाला नव्हता त्या अवयवाला देहान्ताची शिक्षा झाली, आणि ती भोगली रोग्यानें.

हीं माणसें मूर्ख नव्हतीं, दुष्ट तर नव्हतींच. मग चूक कशी झाली? शौचाला साफ न झालेल्या माणसाचें डोकें जड होतें, तोंडाला चव राहत नाहीं, कामांत मन लागत नाहीं. आणि पोट साफ होतांच त्याला हायसें वाटतें. हा अनुभव खोटा नाहीं. अनुभव खरा होता. त्याचा लाविलेला अर्थ खोटा होता.

१९१३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्यें या विषयावर मोठा वादविवाद झाला, तरी निकाल लागला नाहीं. तो लावला साध्या विचारानें आणि त्याहून साध्या प्रयोगानें. अमेरिकेंतील डॉक्टर वॉल्टर अल्व्हारेझ यांनीं १९१९ सालीं असा मुद्दा मांडला कीं, रक्तांत भिनलेलें विष उतरावयास वेळ लागतो. मग शौचानंतर कांहीं मिनिटांतच रोग्याला बरें कसें वाटतें? भांग प्यालेल्या माणसाच्या हातांतला पेला काढून घेतला म्हणून कांहीं त्याची नशा तत्काळ उतरत नाहीं. तेव्हां हा त्रास विषाचा नसून गुदाशय ताणला गेल्यामुळें मज्जातंतूंच्या द्वारें होणारा असला पाहिजे. १९२२ सालीं डोनाल्डसन या दुसऱ्या अमेरिकन संशोधकानें याची परीक्षा पाहिली. निरोगी माणसांच्या गुदाशयांत त्यानें कापसाचे बोळे भरले. तोच जडपणा, तीच डोकेदुखी, तीच अस्वस्थता सुरू झाली, आणि बोळे काढतांच ती ओसरूं लागली. कापसांत विष कोठून येणार? ज्या सिद्धान्तापायीं माणसें प्राणांस मुकलीं, त्याची कसोटी मूठभर कापसानें लागली!

सत्याशीं इमान राखावयाचें तर येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आंतड्यांत अमोनियासारखीं अपायकारक द्रव्यें खरोखरीच तयार होतात. परंतु आंतड्यांतून निघालेलें रक्त प्रथम यकृतांत जातें, आणि निरोगी यकृत त्या अमोनियाचें युरिया करून तो मूत्रावाटे बाहेर जाण्याजोगा करितें. यकृत फार बिघडलें असेल तर मात्र हीं द्रव्यें मेंदूपर्यंत पोंचून ग्लानि आणतात. तेव्हां शौचास साफ करणारें औषध देणें हा खरा उपचार ठरतो. म्हणजे बूशार यांची शंका सर्वस्वीं पोकळ नव्हती. एका विशिष्ट आजाराचा नियम सगळ्या मनुष्यजातीला लावला गेला, हा दोष.

आणि तें ‘निरुपयोगी ओझें’? मोठें आंतडें पाणी व क्षार परत शोषून घेतें, हें जुनेंच ज्ञान आहे. आपल्याला न पचणारा धान्याचा कोंडा व भाज्यांचा चोथा तेथील जंतु आंबवितात, आणि त्यांतून तयार होणाऱ्या आम्लांवर आंतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात, हेंहि आतां सिद्ध झालें आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणनेप्रमाणें माणसाच्या शरीरांत सुमारें ३८ लक्ष कोटी जंतु असतात, आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आंतड्यांत राहतात. ज्यांना शत्रु म्हणून हांकलावयाचें होतें, ते आपले बिऱ्हाडकरू निघाले, आणि भाडें नियमितपणें देणारे!

तरीहि जुना आरोप मिटलेला नाहीं. ‘डिटॉक्स’, ‘कोलन क्लीन्स’ अशीं नवीं नांवें धारण करून तो दुकानांतून आणि जाहिरातींतून आजहि फिरतो. म्हणून एवढें ध्यानांत असावें कीं, दिवसांतून तीन वेळांपासून आठवड्यांतून तीन वेळांपर्यंत शौचास होणें, हें सर्व निरोगी माणसांच्या मर्यादेंतच मोडतें. रोज सकाळीं झालेंच पाहिजे असा निसर्गाचा दंडक नाहीं. नेहमींची संवय एकाएकीं बदलली, रक्त पडूं लागलें किंवा वजन उगाच घटूं लागलें, तर एरंडेलाची बाटली न शोधतां डॉक्टरांकडे जावें.

राहतां राहिली आजी. तिची वाटी मी माझ्या मुलांपर्यंत येऊं दिली नाहीं. परंतु ताटांत पालेभाजी असावी, भाकरी चाळून कोंडा टाकलेल्या पिठाची नसावी, जेवणाशेवटीं ताक घ्यावें आणि सकाळीं घाई करूं नये, हे तिचे बाकीचे नियम आमच्या घरांत अजून चालू आहेत. गंमत अशी कीं, लेन साहेबांनीं १९२५ सालीं लोकांना आरोग्य शिकविण्याकरितां एक संस्था काढली, तेव्हां कोंड्यासकट गव्हाचा पाव, फळें व भाज्या यांचाच उपदेश त्यांनीं चालविला. शस्त्र खालीं ठेवल्यावर त्यांना जें सांगावेंसें वाटलें, तें आजी आम्हांला रोज वाढीतच होती.