ऐकलं, पण मानलं नाही

यहोयाकीम राजाने काय केलं, ते आपण पाहिलं. यिर्मयाच्या इशाऱ्यांची गुंडाळी त्याने चाकूने कापून शेगडीत टाकली. बारूखाने ती पुन्हा लिहिली. गुंडाळी जळाली, इशारा राहिला.

आता सिद्कीया राजा बघू. हा तसा उद्धट नव्हे. त्याने यिर्मयाला गुपचूप बोलावून विचारलं. उत्तर आलं, बाबेलला शरण जा, शहर वाचेल. राजाने वाद घातला नाही. त्याला भीती होती ती आधीच बाबेलला मिळालेल्या आपल्याच लोकांची. ते आपली विटंबना करतील म्हणून. इ.स.पू. ५८६च्या सुमारास यरुशलेम जळालं. राजाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली, मग त्याचे डोळे काढले.

म्हणजे इशारा धुडकावायला उर्मटपणाच लागतो असं नाही, लोकांची भीतीही पुरते. किंमत मात्र अख्ख्या शहराने मोजली.