घंटी एक, घरं दोन

रायपूरच्या बूढापाऱ्यातून, बूढा तलावाच्या शेजारून बोलतोय. आजचा इतिहास राजेरजवाड्यांचा नाही, संगणकातल्या एका तारेचा आहे.

बूढापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत एका दारामागे दोन बिऱ्हाडं असतात आणि घंटी मात्र एकच. ती वाजली की कुणी उठायचं? संगणकातही हाच प्रश्न आला. कार्डाला काही सांगायचं असलं की ते प्रोसेसरला हाक मारतं. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. 1981च्या आयबीएम पीसीत हाकेच्या तारा होत्या आठ. 1984च्या एटीमध्ये दोन चिपा जोडून वापरण्याजोग्या पंधरा झाल्या. तेव्हा साधारणपणे एका कार्डाला एक तार असायची. 1992मध्ये पीसीआय आलं आणि अनेक कार्डं एका तारेवर बसू लागली. इथे नियम असा की, ज्यानं हाक मारली त्याचं काम होईपर्यंत तार ओढलेलीच राहते. ड्रायव्हरांनी एकेक करून आपलं कार्ड तपासायचं. लिनक्समध्ये हे सुखानं चाललं, कारण सगळे ड्रायव्हर एकाच घरातले होते.

मग त्याच यंत्रात दुसरं घर आलं. 1990च्या दशकात न्यू मेक्सिको टेकमध्ये व्हिक्टर योडाइकेन आणि मायकेल बाराबानोव्ह यांनी आरटीलिनक्स उभं केलं. कल्पना सोपी होती. खाली एक छोटा, काटेकोर कर्नल ठेवायचा आणि अख्खं लिनक्स त्याचं सर्वांत कमी प्राधान्याचं काम म्हणून चालवायचं. लिनक्सनं ‘इंटरप्ट बंद’ म्हटलं तरी प्रत्यक्षात फक्त एक खूण केली जायची. हाक आधी छोट्या कर्नलकडे जायची आणि त्याचं काम संपलं की लिनक्सकडे. मिलानच्या पोलितेक्निकोत पाओलो मांतेगाझांनी याच वाटेवर आरटीएआय केलं. त्याच्या जोरावर लिनक्ससीएनसीनं साध्या पीसीवर लेथ आणि मिलिंग यंत्रं चालवली. तिथे थोडा उशीरही कामाला बाधतो. पल्स चुकला की मोटर मागे पडते आणि काप बिघडतो. आमच्या उरला-सिलतऱ्यासारख्या औद्योगिक भागांत याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आता पेच बघा. मोटरची जागा सांगणारं कार्ड छोट्या कर्नलचं आणि डिस्कचं कार्ड लिनक्सचं. दोघं एकाच तारेवर. डिस्कनं हाक मारली. छोटा कर्नल म्हणाला, ‘माझं नाही.’ पण तार ओढलेलीच आहे. ती सोडवणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे आणि लिनक्सची पाळी सगळ्यांत शेवटी. तार खुली ठेवली तर हाका थांबतच नाहीत, लिनक्सला पाळी मिळत नाही आणि यंत्र गोठतं. लिनक्सचं काम होईपर्यंत तार बंद ठेवली तर मोटरचं कार्डही ताटकळतं. म्हणजे वेळेची हमी सर्वांत आळशी शेजाऱ्याच्या हाती जाते. हुशार कोड लिहून हे पूर्ण सुटत नाही. डिस्कला गप्प करण्याचा थोडा कोड छोट्या कर्नलमध्ये आणता येतो, पण मग प्रत्येक ड्रायव्हर त्यासाठी फोडावा लागतो. म्हणून जाणकार काय करायचे? कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवायचे, बायोसमधून नको ती उपकरणं बंद करायचे, आणि तार एकट्याची झाली की पुढचं काम.

पुढे उत्तर दोन बाजूंनी आलं. 1998च्या पीसीआय 2.2मध्ये एमएसआय आलं. त्यात कार्ड तार ओढत नाही, ठरलेल्या पत्त्यावर एक निरोप लिहितं. आलेला निरोप कुणाचा, हे विचारावंच लागत नाही. दुसरीकडे, इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्सनर आणि सहकाऱ्यांनी दोन घरांऐवजी लिनक्सलाच काटेकोर करायचं ठरवलं. 2009मध्ये इंटरप्टची कामं थ्रेडमध्ये चालवण्याची सोय मुख्य लिनक्समध्ये आली, आणि 2024च्या 6.12 आवृत्तीत प्रीएम्प्ट-आरटी सामील झालं. तरी तिथेही सामाईक तार थ्रेडमधली सगळी कामं होईपर्यंत बंदच राहते. घरं एक झाली, घंटीची अडचण राहिली.

म्हणून मला या इतिहासातून एवढंच दिसतं: प्रोसेसर वाटून घेता येतो, मेमरी वाटून घेता येते, पण ज्याला वेळेवर उठायचं आहे, त्याची घंटी त्याचीच हवी.

भेटू पुढच्या भागात.