अपस्माराची औषधे आणि न सांगितलेले परिणाम

'अपस्मार' या शब्दातच स्मृतीचा लोप आहे. चरकसंहितेनेही या व्याधीचा विचार प्रथम स्मृती आणि बुद्धी यांच्या विकृतीच्या अंगाने केला. बोलीत आपण फेफरे म्हणतो, आकडी म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर येतो तो फक्त झटका. या झटक्यावर आधुनिक वैद्यकाने गेल्या सुमारे एकशे सत्तर वर्षांत जी औषधे शोधली, त्यांनी असंख्य माणसांना जगणे परत दिले, हे निर्विवाद. परंतु त्याच औषधांच्या दुष्परिणामांचा इतिहास वाचताना आम्हांला जाणवत राहिले की, दुष्परिणाम ही केवळ रसायनाची बाब नव्हे. अपाय कशाला म्हणायचे आणि तो कोणाला सांगायचा, हे त्या त्या काळातला समाज ठरवत असतो.

प्रारंभच पाहा. मे १८५७ मध्ये लंडनच्या एका वैद्यकसभेत सर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा उल्लेख केला. ते राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ. ब्रोमाइडने पुरुषात तात्पुरते नपुंसकत्व येते, असा एक जर्मन वृत्तान्त त्यांच्या वाचनात आला होता. स्त्रियांच्या काही झटक्यांचे मूळ कामविकारात आहे, अशी तत्कालीन समजूत असल्याने त्यांनी ते औषध अशा रुग्ण स्त्रियांना दिले, आणि झटके कमी झाले. म्हणजे ज्याला आज आपण दुष्परिणाम म्हणू, तोच येथे गुण म्हणून निवडला गेला होता. तर्क चुकीचा होता. औषध मात्र खरे निघाले.

ब्रोमाइड शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. निम्मे जायलाच सुमारे १२ दिवस लागतात. रोजची मात्रा साचत जाते आणि अंगावर पुरळ, ग्लानी, अडखळती वाचा, मंद स्मृती, प्रसंगी भ्रम, अशी अवस्था येते. तिला 'ब्रोमिझम' हे नाव पडले. स्मृतिलोपाच्या व्याधीवर स्मृती मंदावणारे औषध! रुग्णाचा मंदपणा रोगाचा की औषधाचा, हे बाहेरून ओळखणे अवघड, आणि शांत पडून असलेला रुग्ण कोणाला त्रासही देत नाही.

या विषबाधेचे आतून घडणारे दर्शन साहित्यात आहे. इंग्रज कादंबरीकार इव्हलिन वॉ झोपेसाठी ब्रोमाइड आणि क्लोरल घेत असे. १९५४ च्या सागरप्रवासात त्याला आपली निंदा करणारे आवाज ऐकू येऊ लागले. त्या अनुभवावर त्याने 'द ऑर्डील ऑफ गिल्बर्ट पिनफोल्ड' ही कादंबरी लिहिली. ती प्रसिद्ध झाली १९५७ मध्ये, लोकॉक यांच्या त्या उल्लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी. वॉला ते लिहिता आले. ब्रोमाइडवर वर्षे काढलेल्या बहुसंख्य अपस्मारग्रस्तांचे अनुभव मात्र त्यांच्याबरोबरच गेले.

१९१२ मध्ये फिनोबार्बिटॉल आले. त्यानेही झापड येई. १९३८ मध्ये मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइनने दाखवून दिले की, गुंगी न आणताही झटके थांबवता येतात. ही खरोखर मोठी झेप होती. पण पुढच्याच वर्षी या औषधाने हिरड्या वाढतात अशी नोंद झाली. चेहऱ्यावर केस येणे, चेहरा राठ दिसणे हेही पुढे आले. डॉक्टरांच्या वहीत झटके मोजले जात होते. तरुण मुलगी आरशात जे पाहत होती, त्याला त्या वहीत फारशी जागा नव्हती.

सर्वांत कठोर प्रकरण व्हॅल्प्रोएटचे. १९६७ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आलेले हे औषध अत्यंत गुणकारी. परंतु गर्भावस्थेत घेतल्यास बाळाला धोका. १९८२ मध्ये लियॉनच्या नोंदींवरून एलिझाबेथ रॉबर्ट यांनी त्याचा दुभंगलेल्या पाठीच्या कण्याशी असलेला संबंध पुढे आणला. आज आपल्याला ठाऊक आहे की, अशा सुमारे १० टक्के बाळांत जन्मजात व्यंग आढळते आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक विकासात अडचणी येतात. अपस्माराच्या औषधांपासून गर्भाला असलेल्या धोक्याची सूचना डॉक्टरांना द्यावी, पण रुग्णाच्या हाती पडणाऱ्या पत्रकात छापू नये, असे मत ब्रिटनमध्ये १९७३ मध्येच नोंदले गेले होते. रुग्ण घाबरतील, ही त्यामागची काळजी. २०२० मध्ये बॅरोनेस कम्बरलेज यांच्या अहवालाने, स्त्रियांचे म्हणणे वर्षानुवर्षे ऐकूनच घेतले गेले नाही, हे स्पष्टपणे मांडले.

आपल्याकडे मौन दुसऱ्या बाजूनेही होते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहाला बाधक ठरवले. ती अट १९९९ मध्ये वगळली गेली. जो आजार लपवायचा, त्याची गोळीही लपवायची. आणि गोळीच लपवायची, तर तिचा त्रास कोणाला सांगायचा? म्हणूनच १९९८ पासून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अपस्मारग्रस्त गरोदर स्त्रियांची आणि त्यांच्या मुलांची जी नोंद ठेवली गेली, तिचे मोल आम्हांला मोठे वाटते.

२००४ मध्ये तैवानच्या संशोधकांना कार्बामाझेपिनने त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया झालेल्या ४४ च्या ४४ रुग्णांत 'एचएलए-बी*१५०२' हा एकच जनुकप्रकार सापडला. युरोपीय वंशाच्या लोकांत तो क्वचितच आढळतो, आशियातील अनेक समूहांत अधिक. औषध दशकानुदशके वापरात होते. कोणाच्या शरीराला ते घातक ठरेल, हा प्रश्न मात्र एवढ्या उशिरा सुटला.

यातून कोणी गोळी एकाएकी बंद करावी असा अर्थ काढू नये. त्याने सलग झटके येऊन प्राणावर बेतू शकते. आमचे म्हणणे एवढेच की, या औषधांचा इतिहास शोधकांच्या नावांनी लिहून पुरा होत नाही. त्यात रुग्णाने सांगितलेले आणि कोणी न लिहून घेतलेले एक प्रकरण आहे. ते विसरणे हाही एक स्मृतिलोपच.