आवाज कधी येतो? बर्नरच्या घरघरीचा शंभर वर्षांचा तपास

"ज्वलनातून निर्माण होणाऱ्या आवाजाचा इतिहास" हा माझा पीएचडीचा विषय घरी सांगितला, की आजी म्हणते, "स्टोव्ह कधी मुका असतो का रे?" तिची कितीतरी वर्षं पंपाच्या स्टोव्हपुढे गेली. भरभर मंदावली की पंप मारायचा, फुरफुरायला लागला की पिन मारायची, हे तिला दुसऱ्या खोलीतूनही कळायचं. आज ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या लोकांत मी तिलाही धरतो.

पण आधी तळघरात चला. मी ईशान्य अमेरिकेत राहतो. इथल्या बऱ्याच जुन्या घरांत थंडीत ऊब देण्यासाठी अजून तेलाचा बर्नर असतो. तळघरात टाकी, टाकीत डिझेलसारखंच पण ओळखू यावं म्हणून लाल रंगवलेलं तेल, शेजारी बॉयलर आणि त्याच्या पोटाला चिकटलेला बर्नर. एकच मोटर पंखा आणि पंप दोन्ही फिरवते. पंप साधारण १०० पौंड प्रति चौरस इंच दाबाने तेल नोझलच्या बारीक छिद्रातून ढकलतो, धुक्यासारखा फवारा उडतो, ठिणगीने पेटतो, धूर चिमणीतून जातो.

माझ्या पहिल्याच जानेवारीत, एका रात्री आमचा बर्नर घुमायला लागला. घूं-घूं-घूं, इतकं की स्वयंपाकघरातल्या ताटल्या थरथरत होत्या. बाहेर उणे अठरा. बंद केला तर पाण्याचे पाइप गोठणार, चालू ठेवला तर कार्बन मोनॉक्साइडची भीती, आणि त्याला तर वासही नसतो. शेवटी बंद केला, नळ बारीक धारेने सोडून ठेवले आणि असतील नसतील ते स्वेटर घालून सकाळची वाट बघितली.

सकाळी साठीचा एक मेकॅनिक आला. मी त्याला आवाजाची नक्कल करून दाखवायला लागलो तर त्याने हात वर केला. "कसा ते राहू दे. कधी येतो ते सांग."

हा प्रश्न लक्षात ठेवा. त्याच्या मते सगळं निदान त्यातच होतं. चालू होतानाच धडाम् झालं तर तेल पेटायला उशीर होतोय. ते आत साचतं आणि मग एकदम पेटतं, तेव्हा इलेक्ट्रोड सरकलेत का, नोझल घाण झालंय का ते बघायचं. चालू असेपर्यंत सतत कण्हत असेल तर संशय पंपावर: फिल्टर तुंबलाय किंवा तेलाच्या नळीत कुठून तरी हवा शिरतेय. बंद झाल्यावर गुरगुरला, तर नोझलमागे अडकलेली हवा उष्णतेने फुगून उरलेलं तेल ठिबकवतेय. आणि नीट पेटल्यावर, सगळे भाग धडधाकट असताना घुमला तर? "ते सगळ्यात त्रासाचं," तो म्हणाला. त्याने तेवढ्याच क्षमतेचं पण वेगळ्या कोनात फवारा मारणारं नोझल बसवलं, चिमणीच्या ओढीची झडप जराशी हलवली. अर्ध्या तासात शांत. का थांबलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "या बॉयलरला तो फवारा आवडत नाही." संपलं स्पष्टीकरण!

या 'आवडत नाही'चा अर्थ लावायला विज्ञानाला शंभर वर्षं लागली होती. १७७७ मध्ये ब्रायन हिगिन्स या रसायनशास्त्रज्ञाला दिसलं, की हायड्रोजनची छोटी ज्योत काचेच्या नळीत धरली तर नळी गाते. का गाते? जिनिव्हाच्या द ला रीव्ह यांनी १८०२ मध्ये उत्तर दिलं: हायड्रोजन जळून पाण्याची वाफ होते, ती थंड होऊन आकसते, पुन्हा वाफ होते, आणि त्या धक्क्यांनी हवा कंप पावते. उत्तर देखणं होतं. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये असं देखणं उत्तर भेटलं की आपण ते उचलतो आणि पुढे जातो, मीही गेलो असतो.

१८१८ मध्ये सव्वीस वर्षांचा मायकेल फॅरडे पुढे गेला नाही. त्याने नळीभोवतालचं तापमान पाणी उकळण्याच्या वर नेलं, म्हणजे वाफेला आकसायला वावच नको. नळी गातच राहिली. मग त्याने कार्बन मोनॉक्साइडची ज्योत लावली. तो जळला की पाणी तयारच होत नाही. तरीही नळी गायली. दोन साधे प्रयोग, वाफेचा खेळ खलास. (तेव्हा तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साधा सहायक होता. रिसर्चला लागताना 'मी कोण प्रश्न विचारणारा' असं वाटतं ना, म्हणून सांगतो.) त्याचं स्वतःचं म्हणणं असं, की ज्योत म्हणजे पाठोपाठ होणारे बारीक स्फोट. पण ते नळीच्या सुरात, इतक्या शिस्तीत का व्हावेत?

मध्येच एक मजेदार वळण येतं. काच फुंकणाऱ्या कारागिरांना माहीत होतं, की नळीच्या टोकाला गरम फुगा फुंकला की कधीकधी ती आपोआप सूर लावते. १८५० मध्ये सोंडहाउस यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. इथे तर ज्योत आतमध्ये नाहीच, नुसती उष्णता! आणि १८५९ मध्ये लायडनच्या पीटर रायके यांनी दोन्ही टोकं उघडी असलेल्या उभ्या नळीत, तळापासून पाव उंचीवर, तारेची जाळी बसवून लाल तापवली. ज्योत काढून घेतली, की नळी काही सेकंद जोरात हंबरते. जाळी वरच्या अर्ध्या भागात बसवली तर ढिम्म. नळी आडवी केली, म्हणजे वर वाहणारी हवा थांबवली, की गप्प.

१८७८ मध्ये लॉर्ड रॅले यांनी हे सगळं एका सूत्रात ओवलं. झोपाळा आठवा. तुम्ही किती जोर लावता त्याआधी तो केव्हा लावता हे महत्त्वाचं, चुकीच्या क्षणी ढकललं तर झोपाळा थांबतो. नळीतली हवा आलटून पालटून दाबली जाते आणि विरळ होते. ती दाबली गेलेली असताना उष्णता मिळाली तर कंप वाढतो, विरळ असताना मिळाली तर मरतो. रायकेच्या नळीत जाळी खालच्या अर्ध्यात असेल, तर दाब शिगेला पोचायच्या जरा आधी ताजी गार हवा जाळीवरून जास्त वाहते आणि उष्णता नेमकी वेळेवर मिळते. वरच्या अर्ध्यात तोच हिशेब उलटा.

म्हणजे रॅले यांनीही 'कधी' हाच प्रश्न विचारला होता. आमच्या बॉयलरची पोकळी आणि चिमणी मिळून एक नळीच. नोझलमधून निघालेला थेंब तापून, वाफ होऊन जळेपर्यंत थोडा वेळ जातो. फवाऱ्याचा कोन बदलला की तो वेळ बदलतो, उष्णता चुकीच्या क्षणी पोचते, झोपाळा थांबतो. १९५० च्या दशकात प्रिन्स्टनमध्ये लुइजी क्रोक्को यांनी रॉकेट इंजिनांसाठी याच विलंबाचं गणित मांडलं. चंद्रावर जाणाऱ्या सॅटर्न-५ च्या एफ-१ इंजिनात तर मुद्दाम छोटे बॉम्ब फोडून बघत, की कंप स्वतःहून विरतो की इंजिन फाडतो.

माझ्या रिसर्च प्रपोजलमध्ये एक आकृती होती: वर 'सिद्धान्त', खाली 'व्यवहार', मधे खाली जाणारा बाण. गाइडनी त्यावर पेन्सिलीने काट मारली होती आणि मी महिनाभर घुश्शात होतो. पण कारागिरांची काच सोंडहाउसच्या आधीची. १९७१ मध्ये ओहायोतल्या बॅटेल संस्थेच्या ॲबट पटनम यांनी उद्योगांतल्या अशा कंपांवर पुस्तक लिहिलं, तेही मुळात कुरकुरणाऱ्या भट्ट्या आणि बर्नरांवरचं. १९७० च्या दशकात तेल महागलं, कमी तेलात जास्त ऊब देणारे, आखूड आणि प्रखर ज्योतीचे बर्नर पसरले. जुन्या बॉयलरला नवा बर्नर जोडला, की त्या जोडीचं जमतं का हे मेकॅनिकलाच तळघरात उभं राहून कानाने ठरवावं लागतं. त्याचा पेपर कोण लिहिणार? तुम्हाला यावर काम करायचं असेल तर जर्नलं नंतर चाळा. आधी सर्व्हिस मॅन्युअलमधलं 'तक्रार आणि उपाय' हे प्रकरण आणि पेटंटांचा पहिला परिच्छेद वाचा. जुना बर्नर कसा त्रास देतो हे तिथे बऱ्याचदा सापडतं.

माझ्याकडून मात्र सगळ्यात जवळचं साधन सुटलं होतं. आमच्या बॉयलरला तारेने एक पुठ्ठ्याचं कार्ड टांगलेलं आहे. दर वर्षी आलेला मेकॅनिक त्यावर तारीख, नोझलचा आकडा, कोन लिहून जातो. त्या जानेवारीनंतर तीन आठवड्यांनी मी ते पहिल्यांदा वाचलं. अकरा वर्षांच्या नोंदी, तीन हस्ताक्षरं. दहा वर्षं ८० अंशांचं नोझल, मग आदल्या शरद ऋतूत कुणीतरी ६० चं बसवलेलं. शेवटची ओळ आमच्या मेकॅनिकची: '८०. आवाज नाही.' त्याने पायऱ्या उतरल्या उतरल्या आधी ते कार्ड उलटून बघितलं होतं. मी शेजारीच उभा होतो.